अवकाशातली वीज थेट गोळा करून खाली पाठवता येईल का?

आकाशनिळा (प्रश्न)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण नीटच विचारतो, कारण अर्धवट विचारला की उत्तरंही अर्धवटच येतात.

अवकाशात सौर पॅनेल लावायचे आणि तिथली वीज मायक्रोवेव्हने पृथ्वीवर पाठवायची, ही कल्पना पीटर ग्लेझर नावाच्या इंजिनिअरने १९६८ मध्ये मांडली आणि १९७३ मध्ये त्याला पेटंट पण मिळालं, इथपर्यंत माझं वाचून झालंय. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे. मुळात पॅनेल लागतातच कशाला? अवकाशात वीज आयतीच आहे ना? सूर्याकडून सौरवारा येतो, तो म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनच, सगळे भारित कण. पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्र आहे, वर आयनोस्फिअर म्हणजे वातावरणाचा भारित कणांचा थर आहे, ध्रुवांकडे आकाशात रंगीत प्रकाश, ऑरोरा, दिसतो तो या भारित कणांमुळेच. मग एखादी लांबच्या लांब तार किंवा जाळं सोडून हे कण थेट पकडता येणार नाहीत का, म्हणजे प्रकाशाची वीज करताना पॅनेलमध्ये जे सत्तर-ऐंशी टक्के वाया जातं ते तरी वाचेल.

आणि दुसरं म्हणजे वीज कुठूनही आली तरी ती खाली आणायचीच आहे. केबल शक्य नाही हे कळतं. पण मायक्रोवेव्हने पाठवताना वाटेत किती गळती होते? ग्लेझरने कल्पना मांडून इतकी दशकं उलटली, रॉकेटं केवढी स्वस्त झाली, तरी एक साधा प्रायोगिक प्लांट पण वर का नाही? अडलंय नेमकं कुठे, विज्ञानात की पैशात? ज्यांना यातलं माहितीये त्यांनी आकड्यांसकट सांगा प्लीज, "भविष्यात होईल" असं मोघम नको.

प्लाझ्माप्रेमी

पहिल्या भागाचं मी सांगतो, बीमचं दुसरं कोणीतरी सांगेल.

सौरवारा ऐकायला फार जोरदार वाटतो पण तो कल्पनेच्या पलीकडे विरळ आहे. पृथ्वीजवळ एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण ५ प्रोटॉन असतात आणि वेग सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास. वेग प्रचंड आहे हो, पण गर्दीच नाही. आता एक चौरस मीटरचा तुकडा त्या वाऱ्यासमोर धरा आणि त्यातून दर सेकंदाला किती ऊर्जा जाते याचा हिशोब करा, अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा घन, उत्तर येतं साधारण ०.३ मिलिवॅट. त्याच एक चौरस मीटरवर सूर्यप्रकाश पडतो १३६१ वॅटचा. म्हणजे प्रकाश जवळजवळ ५० लाख पट जास्त. त्यामुळे पॅनेलने सत्तर टक्के वाया घालवले तरी काही बिघडत नाही, उरलेले तीस टक्केसुद्धा सौरवाऱ्याच्या लाखो पट आहेत. १ गिगावॅट हवं असेल आणि एकही कण न निसटता सगळी ऊर्जा पकडली असं धरलं तरी ३७ लाख चौरस किलोमीटरचं जाळं लागेल, चंद्राच्या अख्ख्या पृष्ठभागाचा दहावा भाग.

शिवाय अजून एक अडचण आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सौरवारा एकूणात न्यूट्रल असतो, जेवढे धन तेवढेच ऋण. तुम्ही फक्त इलेक्ट्रॉन गोळा करायला लागलात की तुमचं यान ऋणभारित होतं आणि पुढच्या इलेक्ट्रॉनना ढकलून लावतं. म्हणजे सर्किट पूर्ण करायला तेवढाच भार परत बाहेर टाकावा लागतो. आकाशातून भार फुकट मिळाला आणि खिशात टाकला असं होत नाही. २०१० मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी तांब्याच्या लांब तारेने सौरवाऱ्यातले इलेक्ट्रॉन खेचणाऱ्या उपग्रहाची कल्पना मांडली होती, डायसन-हॅरॉप उपग्रह म्हणतात त्याला, वीज लेझरने पाठवायची. पण अशी तार पृथ्वीपासून फार दूर ठेवावी लागते कारण जवळ आपलं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याला अडवतं, आणि तेवढ्या अंतरावरून लेझरसुद्धा इतका पसरतो की खाली पकडायला अवाढव्य आरसे लागतील.

आता चुंबकीय क्षेत्राचं. इथे मात्र तुमची तारेची आयडिया खरोखर करून बघितलेली आहे आणि ती चालली पण! फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलंबिया शटलमधून इटलीचा एक उपग्रह २० किलोमीटरहून थोड्या जास्त लांबीच्या तारेला बांधून वर सोडत होते. तार चुंबकीय क्षेत्रातून सेकंदाला पावणेआठ किलोमीटरने पळत होती, म्हणजे जनरेटरचंच तत्त्व, आणि तिच्या दोन टोकांत ३५०० व्होल्टच्या आसपास व्होल्टेज तयार झालं, करंट साधारण अर्धा अँपिअर. म्हणजे दीड-पावणेदोन किलोवॅट, तेही एका तारेतून. सगळी तार सोडून व्हायच्या थोडं आधी इन्सुलेशनमधल्या दोषातून ठिणगी पडली आणि तार जळून तुटली, उपग्रह तसाच निघून गेला.

पण ही ऊर्जा आली कुठून हे बघा. ती चुंबकीय क्षेत्राची नाही, ती यानाच्या वेगातून येते. जितकी वीज काढाल तितका ब्रेक लागतो आणि यान खाली यायला लागतं. त्याला वर चढवायला रॉकेटचं इंधन जाळूनच वेग दिलेला असतो. म्हणून या तारांचा खरा उपयोग लोक उलटा बघतात, जुने उपग्रह इंधन न वापरता खाली ओढून आणण्यासाठी. वीज केंद्र म्हणून ते चक्र कधीच फायद्यात येणार नाही.

तेव्हा अवकाशात "आयती" ऊर्जा एकच आहे आणि ती म्हणजे उजेड.

तरंगलांबी

प्लाझ्माप्रेमींनी पहिलं छान सोडवलं. मी अँटेनावर काम करते, त्यामुळे बीमबद्दल बोलते, आणि आधीच सांगते की माझा या कल्पनेवर जीव आहे त्यामुळे माझं उत्तर लांबणार.

गळतीचं आधी संपवू कारण तिथे फार अडलेलं नाहीये. रेथिऑन या अमेरिकी कंपनीतले विल्यम ब्राउन यांनी १९६४ मध्ये मायक्रोवेव्हवर चालणारं छोटं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं. मग १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गोल्डस्टोनला दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून जास्त वीज बिनतारी पोचवली, आणि रिसीव्हरवर पडलेल्या मायक्रोवेव्हपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्तीची डीसी वीज झाली. हा रिसीव्हर म्हणजे रेक्टेना, छोटे छोटे अँटेना आणि प्रत्येकाला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, जोडलेला, बस. २.४५ गिगाहर्ट्झला ढग, पाऊस, धुकं जवळजवळ पारदर्शक असतात, वातावरणात दोनेक टक्के जातात फार तर. हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं आहे!

खरी अडचण भूमितीची आहे आणि लोकांच्या चर्चेत ती सारखी निसटते. कुठलाही बीम पसरतो. टॉर्चचा झोत लांब गेला की रुंद होतो तसंच, फक्त इथे आरसा कितीही अचूक घासला तरी पसरणं थांबत नाही कारण ते तरंगाच्या स्वभावातच आहे, विवर्तन म्हणतात ते. नियम सोपा आहे: पाठवणाऱ्या अँटेनाचा व्यास गुणिले खालच्या ठिपक्याचा व्यास बरोबर साधारण २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले अंतर. भूस्थिर कक्षा, जिथून उपग्रह पृथ्वीवरच्या एकाच जागेवर कायम स्थिर दिसतो, ३५,७८६ किलोमीटरवर, २.४५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सव्वाबारा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. गुणाकार येतो १०.७ चौरस किलोमीटर. म्हणजे वर १ किलोमीटर व्यासाचा अँटेना ठेवला तर खाली पावणेअकरा किलोमीटरचा ठिपका. वरचा अँटेना १०० मीटरचा केलात, जो आजच्या हिशोबाने अवकाशात राक्षसीच म्हणायचा, तर खालचा ठिपका १०७ किलोमीटर! ५.८ गिगाहर्ट्झ वापरलं तर जरा बरं, १ किलोमीटरला साडेचार किलोमीटर.

आता नीट बघा, या गुणाकारात वीज किती पाठवायची हा आकडा कुठेच नाही. १ किलोवॅट पाठवा नाहीतर ५ गिगावॅट, अँटेना तेवढेच मोठे. म्हणून लहान सुरुवात करताच येत नाही. जमिनीवर सौरऊर्जा वाढली कशी, आधी कॅल्क्युलेटरवर एवढीशी पट्टी, मग दिव्यावर, मग छपरावर, मग माळरानावर, दर टप्प्याला कोणीतरी पैसे देणारं होतं आणि दर टप्प्याला किंमत उतरत गेली. भूस्थिर कक्षेतून मायक्रोवेव्ह पाठवायची तर पहिलीच पायरी किलोमीटरभर रुंदीची आहे. आणि समजा तेवढे मोठे अँटेना बांधून थोडीशीच वीज पाठवली तर अजून एक गोष्ट नडते, रेक्टेनातल्या डायोडला उघडायला किमान काही व्होल्टेज लागतं, लहरी फार विरळ पडल्या की त्याची कार्यक्षमता घसरते. म्हणजे वीजही भरपूरच पाठवावी लागते.

१९७० च्या दशकाअखेरीस नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मिळून जो मोठा अभ्यास केला त्यातलं डिझाइन ५ गिगावॅटचं निघालं ते काय हौसेने नाही, या गणिताने तिथे नेऊन ठेवलं. साधारण १० किलोमीटर लांब, ५ किलोमीटर रुंद पॅनेल, १ किलोमीटरचा अँटेना, खाली १० बाय १३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार रेक्टेना, आणि सिलिकॉनचे सेल घेतले तर वजन ५०,००० टनांच्या घरात. अख्खं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ४२० टनांच्या आसपास आहे, म्हणजे तशी जवळपास १२० स्थानकं, आणि तीही ४०० किलोमीटरवर नाही, ३६,००० वर. तुम्ही विचारलंत ना विज्ञानात अडलंय की पैशात, माझ्या मते विज्ञानाच्या एका नियमामुळे पैशाचा प्रश्न एवढा मोठा झालाय की तो तुकड्यातुकड्याने सोडवता येत नाही.

आकाशनिळा

बापरे, सौरवाऱ्याचा आकडा बघून मी तारेची कल्पना बाजूला ठेवतो. तरंगलांबी ताई, वीज किती पाठवायची याचा गुणाकारात संबंधच नाही हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, थँक्यू.

पण मग ५ गिगावॅट एका ठिपक्यात पडतात तर तिथून जाणारे पक्षी, विमानं, बाजूची गावं? आणि बीम जरा सरकला तर? कोणी मुद्दाम शहरावर वळवला तर? याचं कोणी नीट उत्तर देताना दिसत नाही, एकतर "काही होत नाही" म्हणतात नाहीतर "मृत्युकिरण" म्हणतात.

सावलीखाली

मी रेडिएशन सेफ्टीचं काम करतो त्यामुळे हे माझ्याकडे.

ठिपका दहा किलोमीटरचा आहे हे विसरू नका, ज्या नियमाने खर्च वाढवला तोच नियम इथे आपल्या बाजूने आहे. वर सांगितलेल्या डिझाइनमध्ये अगदी मध्यभागी तीव्रता दर चौरस मीटरला २३० वॅट, आणि रेक्टेनाच्या कडेला १० वॅट. भर दुपारचं ऊन साधारण १००० वॅट असतं. अर्थात ऊन आणि मायक्रोवेव्ह एकसारखे नाहीत, ऊन कातडीवर थांबतं आणि २.४५ गिगाहर्ट्झ शरीरात काही सेंटिमीटर आत जाऊन तापवतं, म्हणून नुसती वॅटची तुलना करून "उन्हापेक्षा कमी आहे, काळजी नको" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादा सर्वसामान्य लोकांसाठी या फ्रिक्वेन्सीला १० वॅट प्रति चौरस मीटर आहे. म्हणजे कुंपणाबाहेर माणूस मर्यादेत, कुंपणाच्या आत मध्यभागी मर्यादेच्या २३ पट. तिथे देखभालीला जाणाऱ्यांना संरक्षक कपडे लागतील किंवा तो भाग बंद करावा लागेल. रेक्टेनाच्या जाळीखाली मात्र फारच थोडं झिरपतं कारण ते सगळं शोषून घ्यायलाच ती जाळी आहे, आणि ऊन बरंचसं आरपार जातं, म्हणून खाली शेती करायच्या योजना कागदावर आहेत.

विमानाचं अंग धातूचं असतं, ते मायक्रोवेव्ह परतवतं आणि विमान मिनिटभरात पार होतं. पक्ष्यांचा मुद्दा मला खरा वाटतो. घिरट्या घालणारा मोठा पक्षी मध्यावर बराच वेळ राहिला तर तो तापेल, मरेल असं नाही पण उष्ण दिवसात त्याला त्रास होईल. त्या काळात मधमाश्यांना २.४५ गिगाहर्ट्झमध्ये ठेवून प्रयोग झाले होते आणि त्यांच्या जगण्यावर किंवा दिशा शोधण्यावर परिणाम दिसला नाही, पण वर्षानुवर्षं एखाद्या पूर्ण परिसंस्थेवर बीम पडत राहिल्यावर काय होतं हे त्यावरून ठरवता येत नाही आणि ते मोजल्याशिवाय कोणी परवानगी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बीम वळवण्याबद्दल. वरचा अँटेना एकसंध थाळी नसतो, हजारो-लाखो छोट्या ट्रान्समीटरांचा असतो आणि सगळे एकमेकांशी फेजमध्ये, म्हणजे त्यांच्या लहरी एकाच तालात, असल्या तरच बीम बनतो. ही फेज जुळवायला खालून, रेक्टेनाच्या मधोमध असलेल्या स्टेशनवरून एक पायलट सिग्नल वर जातो. सिग्नल ज्या दिशेने आला त्याच दिशेला बीम परत जातो. पायलट बंद पडला की जुळणी सुटते आणि ऊर्जा एवढ्या मोठ्या भागात पांगते की तीव्रता नगण्य होते. म्हणजे बीम दुसरीकडे "सरकत" नाही, विस्कटतो. आणि कोणी सिस्टिम ताब्यात घेतली तरी १ किलोमीटरच्या अँटेनातून ३६,००० किलोमीटरवर तो ठिपका दहा किलोमीटरहून लहान करता येत नाही, तिथे विवर्तनाचा नियम आड येतो. जाळपोळ करण्याइतकी तीव्रता निघूच शकत नाही.

मला जास्त काळजी रेडिओ खगोलशास्त्राची आहे. गिगावॅटचा ट्रान्समीटर कितीही स्वच्छ असला तरी हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या लहरी, आणि आजूबाजूचा गोंगाट थोडा सुटतोच, आणि दुर्बिणी ज्या सिग्नलवर काम करतात ते अकल्पनीय क्षीण असतात. त्यात २.४५ वर वायफाय आणि ब्लूटूथ पण आहेत. याची चर्चा मृत्युकिरणांच्या चर्चेपेक्षा खूप व्हायला हवी.

ग्रिडवाला

मी विजेच्या बाजूने बोलतो आणि मी विरोधात आहे, पण कारणं ऐका.

"अवकाशात चोवीस तास ऊन" हे जवळजवळ खरं आहे. भूस्थिर कक्षेत वर्षाचा ९९ टक्क्यांहून जास्त वेळ ऊन असतं, फक्त दोन्ही विषुवदिनांच्या आसपास दीडेक महिना रोज मध्यरात्रीच्या सुमाराला उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो, जास्तीत जास्त ७० मिनिटांच्या आसपास. मध्यरात्री मागणी कमी असते त्यामुळे ते सांभाळता येतं, फक्त एका दमात ५ गिगावॅट जाणार आणि तासाभराने परत येणार म्हटल्यावर ग्रिडला तेवढा राखीव साठा ठेवावा लागतो. पण ते वेळापत्रक वर्षांआधी माहीत असतं, ढगांसारखं नाही, हे मी मान्य करतो.

जमिनीचंही मान्य. १० बाय १३ चं लंबवर्तुळ म्हणजे साधारण १०२ चौरस किलोमीटर, ५ गिगावॅट भागिले तेवढं, दर चौरस मीटरला ४९ वॅट, सलग, रात्रंदिवस. जमिनीवरच्या सोलर पार्कची वर्षाची सरासरी १० वॅटच्या आसपास येते, रात्र, ढग, दोन रांगांमधली जागा सगळं धरून. म्हणजे पाचपट. फरक आहे, पण पाचपटच आहे, शंभरपट नाही. आणि त्या पाचपटीसाठी तुम्ही ५०,००० टन ३६,००० किलोमीटरवर नेणार!

नासाच्याच एका कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये दोन डिझाइनचा अहवाल काढला, दोन्ही २ गिगावॅटची, २०५० साल धरून. विजेची किंमत आली एका डिझाइनला युनिटला ०.६१ डॉलर आणि दुसऱ्याला १.५९ डॉलर, म्हणजे जमिनीवरच्या स्वच्छ विजेच्या १२ ते ८० पट. सर्वांत मोठा वाटा सामान वर नेण्याचा, इंधन भरायच्या फेऱ्या धरून उड्डाणं हजारोंत जातात. न्याय म्हणून हेही सांगतो की त्याच अहवालात उड्डाणाची किंमत, उपकरणांचं आयुष्य, कारखान्यातला खर्च, सेलची कार्यक्षमता असं सगळंच एकदम चांगलं धरलं तर किंमत जमिनीवरच्या विजेच्या शेजारी येऊन बसते. पण सगळंच एकदम चांगलं होईल यावर मी ग्रिड उभा करणार नाही.

आणि स्पर्धक जागेवर थांबलेला नाही. लिथियम बॅटरीची किंमत २०१० पासून नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरली. रात्रीची वीज हाच अवकाशवाल्यांचा मोठा मुद्दा होता, तो दरवर्षी लहान होतोय. बॅटरी कंटेनरमध्ये येते, एक लावा, चालली तर दुसरी लावा. ताईंनी वर सांगितलं तेच, लहान सुरुवात. माझ्या हातात संशोधनाचे पैसे असते तर मी ट्रान्समिशन लाइनवर आणि साठवणुकीवर लावले असते, कारण आज ज्यांच्या घरी रात्री वीज नाही त्यांना २०५० चं डिझाइन काय कामाचं.

तरंगलांबी

ग्रिडवाले दादा, तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं आणि त्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाहीये. गिगावॅटच्या शर्यतीत आज बॅटरीच पुढे आहे. पण संशोधनाला पैसे नकोत हे मला पटत नाही, कारण काम आता त्या किलोमीटरच्या पायरीला वळसा घालायच्या दिशेने चाललंय.

एक वळसा वजनाचा. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये एक छोटा प्रयोग कक्षेत पाठवला. त्यातला एक भाग म्हणजे लवचिक, पातळ पत्र्यासारखा ट्रान्समीटरांचा संच, त्याने अवकाशात फूटभर अंतरावरचे एलईडी बिनतारी पेटवले, आणि मे महिन्यात त्याचा सिग्नल पॅसेडिनामधल्या त्यांच्याच इमारतीच्या गच्चीवर पकडला. वीज म्हणून ती काहीच नाही, विवर्तनाने ती शेकडो किलोमीटर पसरलेली असणार, पण बीम पाहिजे तिकडे वळवता येतो आणि उड्डाणाचे हादरे, कक्षेतली थंडी-उष्णता सोसून हे पातळ सर्किट चालतं हे कळलं. ५०,००० टनांचा आकडा ७० च्या दशकातल्या जाड सांगाड्यांचा आहे, घडी घालून नेता येणारा पातळ पडदा वेगळंच गणित मांडतो. नासाच्या त्या दोन डिझाइनची वजनं बघा, दोन्ही ५०,००० च्या फार खाली आहेत.

जपान बरीच वर्षं नेम धरण्यावर काम करतंय, २०१५ मध्ये त्यांनी ५५ मीटरवर १.८ किलोवॅट नेमून दिलेल्या जागी पाठवले आणि त्याच महिन्यात मित्सुबिशीने ५०० मीटरवर १० किलोवॅट पाठवले. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये १ किलोमीटरवर १.६ किलोवॅट मिळवले, चीनमध्ये शिडियान विद्यापीठाने २०२२ मध्ये ७५ मीटर उंच मनोऱ्यावर ऊन गोळा करण्यापासून वीज खाली पाठवण्यापर्यंतची पूर्ण साखळी चालवून दाखवली.

दुसरा वळसा तरंगलांबीचा, लेझर. १ मायक्रॉनच्या इन्फ्रारेड लेझरला वर १ मीटरचा आरसा असला तरी भूस्थिर कक्षेतून खाली ठिपका नव्वद मीटरच्या आतच. किलोमीटर नाही, मीटर! म्हणजे लहान सुरुवात करता येते, म्हणूनच अलीकडच्या काही कंपन्या खालच्या कक्षेतून इन्फ्रारेड पाठवायच्या मागे आहेत. पण बदल्यात ढग आडवे येतात, आणि सावलीखाली यांनी सांगितलेलं ते नैसर्गिक संरक्षण पण जातं, कारण लहान ठिपका म्हणजे तीव्रता वाढवता येते आणि डोळ्यांना धोका. मायक्रोवेव्ह मोठी पण तुलनेने कमी धोक्याची, लेझर छोटा पण सांभाळून वापरायचा, ही निवड कुठल्याही तंत्रज्ञानाने टळत नाही, ती त्या गुणाकारातच बसलेली आहे.

आकाशनिळा

मग एक शेवटचं, लेझरला ढग आडवे येतात तर जिथे ढगच नाहीत तिथे आधी का नाही करत? म्हणजे चंद्रावर वगैरे.

प्लाझ्माप्रेमी

हा प्रश्न आवडला, आणि त्यावर खरंच काम चालू आहे. चंद्रावर रात्र पृथ्वीच्या साधारण १४ दिवसांची, तापमान उणे १७० च्या खाली, तेवढ्या रात्रीला पुरेल एवढी बॅटरी नेणं म्हणजे यानाचं बहुतेक वजन बॅटरीच. दक्षिण ध्रुवाजवळ तर अशी विवरं आहेत ज्यांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही आणि नेमका तिथेच बर्फ आहे. पण शॅकलटनसारख्या विवराच्या काठावर वर्षातला बहुतेक वेळ ऊन असतं. काठावर पॅनेल आणि लेझर, तळाशी रोव्हर, अंतर किलोमीटरांत. ताईंच्या सूत्रात टाकून बघा, १० किलोमीटरवर १० सेंटिमीटरचा आरसा असला तर विवर्तनाने ठिपका होतो पाव मीटरचा. कक्षेतून करायचं तर १०० किलोमीटरवरून अर्ध्या मीटरच्या आरशाने ठिपका अर्ध्या मीटरचा, फक्त यान डोक्यावरून लवकर निघून जातं आणि दोन तासांनी परत येतं, त्यामुळे रोव्हरला तोवर पुरेल एवढी छोटी बॅटरी लागते, १४ दिवसांची नाही.

आणि तिथे युनिटला ०.६१ डॉलर की १.५९ हा प्रश्नच येत नाही, कारण पर्याय म्हणजे किलोकिलोने बॅटरी नाहीतर अणुभट्टी पृथ्वीवरून नेणं. शंभर वॅट पोचले तरी रोव्हर रात्र काढतो.

ग्रिडवाला

चंद्रावर करा, तिथे माझा विरोध नाही. तिथे दहा वर्षं चालवून वजन आणि बिघाडाचे खरे आकडे आणा, मग पृथ्वीसाठीचा हिशोब मी स्वतः परत बसून करीन.